हिरव्या डब्यातलं टोकन

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याशी बोलले नाही — ते गेले, त्यांना न कळताच गेले. मुलीशी नाही. मंडळातल्या बायकांशी तर मुळीच नाही. हळदीकुंकवाला एकीच्या कानात सांगितलेलं वाण वाटून होईपर्यंत सगळ्या नेहरू नगरात पोचतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. आता तुम्हाला सांगायला बसलेय. तुम्ही गप्प ऐकून घेता, मधेच "जाऊ दे गं, होतं असं" म्हणत नाही, म्हणून असेल. तसं म्हणूही नका. मी आधी इकडचं तिकडचं बोलेन, सवयच आहे माझी, पण वळून वळून तिथेच येणार आहे. जरा दम धरा.

मागे माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. खाजगी दवाखाना, चकाचक. घरी सोडायच्या आधी एक मुलगी हातात टॅब घेऊन आली. आल्याबरोबर तिनं काय केलं माहितीय? माझ्या पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला, अगदी शेवटच्या कडीपर्यंत. मग स्टूल पुढे सरकवून बसली आणि म्हणाली, "आंटी, एक फीडबैक लेना था. स्टाफ ने आपसे सम्मान से बात की?" मी त्या पडद्याकडेच बघत राहिले. तिला वाटलं म्हातारीला ऐकू येत नाही, तिनं मोठ्यानं विचारलं. मी म्हटलं, सब ठीक है. आणि रडायला लागले, ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं! डॉक्टर कसले रागावले. मुलगी बिचारी घाबरून गेली, तिला काय कळणार?

तो प्रश्न माझा होता हो. ती जन्मलीही नसेल तेव्हा मी तो विचारत होते.

आमच्या टाउनशिपच्या दवाखान्यात मी कल्याण विभागात होते. कारखान्याचं नाव सांगत नाही. नोकरी कच्ची — दर वेळी मुदत वाढवून मिळायची, आणि दर वेळी वाढेपर्यंत मी ऑफिसात खेपा घालायची. काम काय, तर पेशंटना विचारायचं: इथे तुम्हाला मानानं वागवलं का? डॉक्टरांनी नाव घेऊन हाक मारली का? तपासताना पडदा लावला का? हा पडद्याचा प्रश्न मीच घातला होता. मला फार अभिमान होता त्याचा. पुण्याहून लग्न होऊन आलेली, समाजकार्य शिकलेली, मला वाटायचं या लोकांना मान म्हणजे काय ते मीच शिकवणार आहे. काय तो तोरा!

आणि सगळे म्हणायचे, सब ठीक है जी. सगळे! ज्याला कंबरेखाली चादर नाही तोही म्हणायचा, ज्या बाईला कळा येत असताना आयानं शिव्या घातल्या तीही म्हणायची. का म्हणणार नाहीत? टाउनशिपमध्ये क्वार्टर कारखान्याचं, शाळा कारखान्याची, बस कारखान्याची. दवाखान्याच्या कार्डावर बाईचं नाव खाली आणि नवऱ्याचं शॉप, म्हणजे कारखान्यातला विभाग, आणि नंबर वर. तिला वाटायचं, मी तोंड उघडलं तर उद्या यांचा फोरमन यांना बोलावून घेईल. शिवाय मी विचारायला जायची तेव्हा शेजारी कोण उभी? सिस्टर! जिच्याबद्दल विचारायचं तीच उशाशी उभी राहून सलाइन ठीक करतेय. ही आमची मोजायची रीत होती.

मग मला युक्ती सुचली. कँटीनमध्ये तेव्हा चहाची पत्र्याची गोल टोकनं बंद होऊन कागदी कूपनं आली होती, आणि जुनी टोकनं पोतं भरून स्टोअरमध्ये पडली होती. मी ती मागून घेतली. बिस्किटांचे दोन मोठे डबे घेतले, पेंट शॉपमधून एक हिरवा रंगवून आणला आणि एक लाल. झाकणाला चीर पाडली. घरी जाताना पेशंटच्या हातात एक टोकन द्यायचं — मान मिळाला असेल तर हिरव्यात टाका, नसेल मिळाला तर लाल डब्यात. लिहायला नको, बोलायला नको. गाजली हो युक्ती. सुपरिटेंडेंट डॉक्टर येता-जाता म्हणायचे, "मैडम ने तो कमाल कर दिया."

आता एक लहानसं सांगते. लाल डबा मी टेबलाच्या मागच्या कडेला ठेवायची. हिरवा पुढे, हाताशी. लाल डब्यात टोकन टाकायचं तर हात लांब करून, सगळ्यांना दिसेल असा टाकावा लागायचा. मुद्दाम ठेवला होता का? हो, मुद्दाम. हिरवा डबा भरला की मला बरं वाटायचं, वजन उचलून बघायची मी. पण ही चोरी लहान झाली. हे सांगायला मी बसलेले नाही.

माझ्या सासूबाईंबद्दल सांगायचंय.

त्या वर्ध्याकडच्या खेड्यातल्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे भोपाळला आल्या. उंच, काळ्यासावळ्या, नऊवारी लुगडं, आणि डोक्यावरचा पदर झोपेतही ढळायचा नाही. जावई आला तर दाराआडून बोलणार. आंघोळीला जाताना दोन दारं लावणार, एक मोरीचं आणि एक स्वैपाकघराचं. घरात त्यांचा एकच हुकूम — घरात मराठी बोलाचं. माझी पोरगी शाळेतून "मम्मी, मेरेको भूख लगी" करत आली की त्या म्हणायच्या, "हे कोनाचं लेकरू घरात घुसलं वं?" माझ्या पुणेरी बोलण्याचीही टिंगल करायच्या, "बोल, पुस्तकावानी बोल." आणि माझ्या कामाची तर विचारूच नका. शेजारणींना सांगायच्या, "माही सून जगाचा मान मोजते, अन् भाजीतलं मीठ काही मोजता येत नाही तिले." मला राग यायचा. पण मीठ खरंच जास्त पडायचं.

आमचं जमायचं का? जमायचं, म्हणजे भांडून जमायचं. मुलगी तान्ही असताना आम्ही बसनं नागपूरला निघालो होतो, बस गच्च भरलेली, आणि पोरगी दुधासाठी नुसती किंचाळत होती. मी लाजून तशीच बसले होते. सासूबाई उठल्या, माझ्या पुढ्यात उभ्या राहिल्या, पदर दोन्ही हातांनी पसरून धरला आणि मागे वळून सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तिकडं पाहा बाप्पा, खिडकीतून झाडं दिसून राह्यली." बस हिंदकळत होती, त्यांना धरायला काही नव्हतं. पोरगी झोपेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.

हे का सांगितलं? पुढे उपयोगी पडेल म्हणून नाही सांगितलं. मला सारखं आठवतं म्हणून सांगितलं.

त्या पडल्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात, नळाजवळच्या शेवाळावर. खुब्याचं हाड मोडलं. यांच्या कारखान्यातल्या ग्रेडप्रमाणे जनरल वॉर्ड मिळाला, बायकांचा. पायाला वजन बांधून पाय लटकवलेला, ऑपरेशन व्हायचं होतं. अंगात दवाखान्याचा तो मागून उघडा झगा. लुगडं नेसता येईना म्हणून त्यांनी एक लुगडं चारपदरी करून गळ्यापर्यंत पांघरून घेतलं होतं, आणि त्याचंच टोक डोक्यावर.

नेमकं त्याच दिवसांत दिल्लीच्या मोठ्या ऑफिसातून साहेब येणार होते, माझे डबे बघायला. पसंत पडले असते तर सगळ्या टाउनशिपच्या दवाखान्यांत ते ठेवणार होते. आणि माझी नोकरी पक्की. सुपरिटेंडेंट म्हणाले, "आपका ऑर्डर साहब की जेब में समझिए." दोन दिवस मी नुसती नाचत होते. बायकांच्या वॉर्डाच्या दाराशी टेबल मांडलं, त्यावर पांढरा कपडा, वर डबे. मागे रंगीत तक्ते लावले. तक्ते लावायला कुठून तरी एक स्टँड मिळवला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "सम्मान हमारा संकल्प". मीच लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे.

साहेब यायचे होते त्या दिवशी सकाळी मी सासूबाईंसाठी घरून चहा आणि पोहे घेऊन गेले. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. चहा घेईनात. मला वाटलं पाय दुखतोय. माझ्याकडे न बघताच त्या बोलल्या.

"मले उघडं केलं वं काल."

ऑपरेशनच्या आधी पोट साफ करायचं म्हणून आदल्या संध्याकाळी एनिमा दिला होता. नातेवाइकांच्या भेटीच्या वेळेला. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा जावई तिथेच बसला होता, पलीकडे आणखी कुणाचा भाऊ. झगा वर केला, कूस बदलायला वॉर्डबॉयला बोलावलं, आणि तसंच ठेवून सिस्टर पाणी आणायला गेली. पांघरलेलं लुगडं खाली पडलं होतं. त्यांचा हात पोचत नव्हता, पाय तर बांधलेला. "मी डोळे मिटून घेतले," त्या म्हणाल्या. "मेल्यावानी पडली."

माझं डोकं फिरलं. खरंच फिरलं हो, ते नाटक नव्हतं. मी म्हटलं, आई, आज मोठे साहेब येतायत. ते तुम्हालाही विचारतील. जे झालं ते सगळं त्यांना सांगा, तुमच्या भाषेत सांगा, मी हिंदीत करून सांगते. त्या वळल्या. "खरंच सांगशीन?" मी म्हटलं, शब्द न शब्द सांगेन. त्यांना डबेही समजावले — हा हिरवा, हा लाल, टोकन लाल डब्यात टाका. त्यांनी ऐकून घेतलं. मग फणी मागितली. मी केस विंचरून दिले, स्वच्छ लुगडं पांघरलं, पदर सारखा केला. त्यांनी अर्धे पोहेही खाल्ले. मी निघाले तेव्हा त्या ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होत्या — काय सांगायचं त्याची तयारी करत होत्या.

साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर मला आज सोपं गेलं असतं. मऊ बोलणारे, डबे हातात घेऊन बघणारे. तक्ते वाचले, मला चार प्रश्न विचारले, मग म्हणाले, जो उठून टेबलापर्यंत येऊच शकत नाही त्याचं काय? त्याला कोण विचारतं? चला, अशा एखाद्या पेशंटला विचारू. सुपरिटेंडेंट खुशीत म्हणाले, "सर, ये बेड देखिए, मैडम की अपनी सास हैं." साहेब हसले. म्हणाले, मग तर घरचंच खरं ऐकायला मिळेल.

आम्ही सगळे खाटेभोवती उभे राहिलो. साहेब, सुपरिटेंडेंट, मेट्रन, वॉर्डाची सिस्टर, फोटोवाला, आणि दोन्ही डबे हातात धरलेली आया. सासूबाईंनी हात जोडले. साहेबांनी वाकून विचारलं, अम्मा, इथे तुम्हाला मान मिळाला ना?

त्या बोलायला लागल्या. हळू, पण न अडखळता. "साहेब, मी म्हातारी बाई. माह्या मालकानंही मले कधी उजेडात उघडं नाही पायलं. काल थ्या बाप्या माणसाईसमोर मले उघडं टाकलं. मी पडदा मांगतला. हात जोडून मांगतला." मग त्यांनी हात उचलला, दाराकडे बोट केलं. "सिस्टरबाई म्हणे, पडदा थो पाहा तिथं हाये. साहेब येनार म्हणून म्याडमनं नेला."

साहेब वळून बोटाच्या दिशेला बघायला लागले. सगळेच बघायला लागले. तिथे माझे तक्ते होते.

मघाशी मी तुम्हाला म्हटलं, तक्त्यांसाठी कुठून तरी एक स्टँड मिळवला. खोटं बोलले. आत्ता, इथे बसून, तुमच्याशीसुद्धा. तो स्टँड नव्हता. बायकांच्या वॉर्डातला चाकांचा पडदा होता तो, तीन पात्यांचा, हिरव्या कापडाचा. कोपऱ्यात उभा दिसला, मी म्हटलं, हा इथे नुसताच पडलाय, न्या बाहेर. सिस्टर म्हणाली होती, "मैडम, वार्ड में ये एक ही है." आणि मी काय म्हटलं? "दो दिन की तो बात है, मैनेज कर लीजिए." तिच्या पडद्यावर टाचण्या टोचून मी मानाचे तक्ते लावले.

सकाळी सासूबाईंनी सांगितलं तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं का? मी शंभरदा स्वतःला विचारलंय. नव्हतं आलं असं म्हणते. पण पडदा का नव्हता, हे मी सकाळी सिस्टरला जाऊन विचारलंही नाही. मान मोजणारी बाई, आणि एवढं एक विचारलं नाही. का नाही विचारलं?

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "क्या कह रही हैं?"

सिस्टरही माझ्याकडे बघत होती. केरळची होती, तिला मराठी येत नव्हतं, पण बोट कुठे आहे ते तिला दिसत होतं. सगळ्या वॉर्डात ते बोलणं कळलेली मी एकटी. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सकाळी दिलेला शब्द पुरा व्हायची वाट बघत होत्या.

मी म्हटलं, "सर, कह रही हैं कि यहाँ की लड़कियाँ बेटी जैसी सेवा करती हैं. और कह रही हैं — देखिए, कितना सुंदर सजाया है."

झालं. एवढंच. किती पटकन झालं! जीभ अडखळलीसुद्धा नाही. आधी ठरवलेलं नव्हतं, तरी इतकं सफाईदार वाक्य कुठून आलं तोंडात?

पण इथेही मी थांबले नाही. थांबले असते तर निदान भित्री म्हणून सुटले असते. साहेब खूश झाले, त्यांनी स्वतःच्या हातानं सासूबाईंच्या तळहातावर टोकन ठेवलं. आयानं डबे पुढे केले. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि हात लाल डब्याकडे नेला. सरळ नेला. मी पुढे झाले आणि त्यांचं मनगट धरलं. "आई, इकडे, हात कापतोय तुमचा," असं हसून म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. हात कापत नव्हता. त्यांनी जोर लावला, मला तो जाणवला, म्हातारीच्या हातात ताकद होती. मी जास्त जोर लावला. बोटं हिरव्या डब्याच्या चिरेवर आणली आणि टोकन आत ढकललं. डबा भरलेला होता, आवाजही फारसा झाला नाही.

टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. टाउनशिपच्या पत्रिकेत छापून आला तो — मी सासूचा हात प्रेमानं हातात घेतलाय, सासू वर बघतेय. खाली लिहिलं होतं, "सेवा और स्नेह". यांनी तो फ्रेम करून बैठकीत लावला. मी कशी नाही म्हणणार होते?

संध्याकाळी मी तक्ते काढले, टाचण्या काढल्या आणि पडदा स्वतः ढकलत वॉर्डात नेऊन ठेवला. चाक कुरकुरत होतं. सासूबाईंनी आवाज ऐकला असणार. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

माझी ऑर्डर आली. पक्की झाले. डबे इतर गावांच्या टाउनशिपमध्ये गेले आणि त्यांच्यामागे मीही गेले, माणसांना शिकवायला — मान कसा मोजायचा. बोलायची मी छान. मुली वह्यांत उतरवून घ्यायच्या. सिस्टरला मी कधी काही बोलले नाही, तीही मला कधी बोलली नाही. समोर आली की दोघी आपापल्या बाजूला बघायचो.

सासूबाईंचं ऑपरेशन झालं, त्या घरी आल्या, काठी घेऊन चालायला लागल्या. यांनी विचारलं, आई, कसं होतं गं दवाखान्यात? मी स्वैपाकघरात उभी होते, हातातली पळी तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "बरं व्हतं." बस्स. लेकाजवळ त्यांनी शब्द काढला नाही, शेवटपर्यंत नाही. मला वाचवायला? की लेकाचं घर मोडू नये म्हणून? की बोलून काय होतं ते त्यांनी एकदा बघितलं होतं म्हणून? मला माहीत नाही.

आणि मग ते सुरू झालं. घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी विचारलं, आई, उशी सारखी करू का? त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सब ठीक है जी."

मी हसले. मला वाटलं गंमत करतायत. संध्याकाळी विचारलं, आई, वरण पातळ झालंय का? "सब ठीक है जी." पाय दुखतोय का? "सब ठीक है जी." लेकाशी मराठी, नातीशी मराठी, भाजीवाल्याशीसुद्धा वऱ्हाडीत घासाघीस. फक्त माझ्याशी हिंदी, आणि हिंदीतही एवढंच. वाकडा सूर नाही, राग नाही. पेशंट माझ्याशी बोलायचे ना, अगदी तस्सं, शेवटच्या त्या "जी"सकट. पोरगी टाळ्या पिटायची, "आजी हिंदी शिकली!" हे हसायचे. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला — पडदा कुठे गेला ते सिस्टरनं त्यांना हिंदीतच सांगितलं होतं की! त्यांना सगळं कळत होतं. मी साहेबांना काय सांगितलं तेही शब्द न शब्द कळलं होतं.

त्यांनी मला मीठ जास्त झालं म्हणून टोमणा मारावा, यासाठी मी एकदा मुद्दाम भाजीत मूठभर मीठ घातलं. ऐका, खरं सांगतेय. यांनी पहिल्याच घासाला पान सरकवलं. त्या सगळी भाजी खाऊन उठल्या. मी विचारलं, आई, भाजी? त्यांनी सांगितलं, सब ठीक है जी.

शेवटच्या थंडीत त्या अंथरुणाला खिळल्या. अंग पुसायचं काम माझ्याकडे. आम्ही तोवर नेहरू नगरला स्वतःच्या घरात आलो होतो. दुपारी घरात चिटपाखरू नसायचं, तरी मी दार लावायची, खिडकी लावायची, वर दोरी बांधून चादर सोडायची. त्या बघत असायच्या मी चादर कशी बांधते ते. मग मान भिंतीकडे वळवायच्या आणि अंग माझ्या हाती सोडायच्या. एकदा अंग पुसताना मी म्हटलं, "आई, त्या दिवशी दवाखान्यात मी —" त्यांनी पुढचं बोलू दिलं नाही. "सब ठीक है जी," म्हणाल्या, आणि दुसरा हात पुसायला पुढे केला. मीही तो पुसला. पुन्हा विषय काढला नाही. काढायला हवा होता का? रोज काढायला हवा होता, त्या ऐकोत न ऐकोत.

गेल्या त्या दिवशी सकाळी मी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होते. हे पायाशी बसलेले, पोरगीही होती. दोन चमचे गेले, तिसरा ओघळला. मी विचारलं, आई, आणखी देऊ? त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू येईल असं तेच म्हणाल्या. त्यानंतर त्या कुणाशीच बोलल्या नाहीत.

तेराव्याला घर भरलं होतं. वर्ध्याकडचे, नागपूरचे, टाउनशिपमधले जुने शेजारी. हे सगळ्यांना सांगत होते, डोळे पुसत सांगत होते — आईचा शेवटचा शब्द काय होता माहितीय? सुनेकडे बघून म्हणाली, सब ठीक है जी. काही बाकी नाही राहिलं तिचं. फार केलं हो हिनं माझ्या आईचं. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. समोर भिंतीवर तो फोटो होता, त्याला त्या दिवशी कुणीतरी हार घातला होता. एक म्हातारी मला म्हणाली, "नशीबवान हाये वं तू, असा निरोप कोनाले भेटत नाही." मी मान खाली घातली, आणि सगळं ऐकून घेतलं.